दोरीचा पीळ आणि मुलांची बोटे



गाळपाचा हंगाम सुरू झाला की आपल्या सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो. उतारा! आज किती लागला, शेजारच्या कारखान्याचा किती, आडसालीचा किती आणि खोडव्याचा किती. उतारा म्हणजे साखर. पण उसाच्या कांडीत साखरेच्या बरोबरीने आणखी एक वस्तू असते, ती म्हणजे तंतू. उसाच्या वजनाच्या साधारण १२ ते १५ टक्के तंतू असतो. तो चोयट्याच्या रूपाने बॉयलरमध्ये जातो, वाफ होते, वीज होते. त्याबद्दल कुणी विचारत नाही.

तंतूचे हे असेच आहे. काम करतो, पण दिसत नाही. ज्यांच्या हातांनी तो वळला जातो तेही दिसत नाहीत. या अंकात ऊस लागवड आणि खताचे हप्ते थोडे बाजूला ठेवून आम्ही या दोरीच्या विषयावर लिहिणार आहोत. विषय साधा आहे, पण आपल्या गावाशी आणि आपल्या मुलांशी त्याचा संबंध आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

विठ्ठलवाडीची संध्याकाळ

गेल्या वर्षी एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही कल्याणला गेलो होतो. कल्याण सोडले की कर्जतच्या वाटेवर पहिले स्टेशन लागते ते विठ्ठलवाडी. आपल्या भागातली कितीतरी माणसे पन्नास-साठ वर्षांपूर्वी याच पट्ट्यात पोटासाठी गेली. अंबरनाथचे कारखाने, शहाडचे सेंच्युरी रेयॉन, मोहन्याचे नॅशनल रेयॉन ही नावे आपल्या जुन्या मंडळींना पाठ आहेत. त्यातले मोहन्याचे धुराडे २००९ साली थंड झाले. माणसे मात्र तिथेच राहिली, मुलेबाळे तिथेच वाढली. एका बाजूला फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांचे उल्हासनगर, दुसऱ्या बाजूला कल्याण, आणि मध्ये ही विठ्ठलवाडी.

आमच्या पाहुण्यांचे घर एका जुन्या चाळीत. संध्याकाळचे सहा वाजले असतील. खाली अंगणात दहा-बारा मुले-मुली जमली. शाळेचे दप्तर घरी टाकून, तोंड धुऊन आलेली. आम्हाला वाटले शिकवणी असेल. पाहतो तर एक निवृत्त शिक्षिकाबाई सतरंजी अंथरत होत्या आणि सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ पिंपातून ओला वाख काढून दांडीवर वाळत घालीत होते. मुले रांगेने बसली, प्रत्येकाने पायाच्या अंगठ्यात दोरीचे टोक अडकवले आणि वेणी घालायला सुरुवात केली. आम्ही खालीच थांबलो. लग्नघरचा चहा वरती निवून गेला.

बाई आठवड्यातून तीन दिवस दीड तासाचा हा वर्ग चालवतात. फी नाही. पहिला महिनाभर फक्त तिपेडी वेणी. दुसऱ्या महिन्यात दोन पेडांची दोरी वळणे. मग गाठी, मग शिंके, मग पिशवी. साहित्य कुठून आणता, असे विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, "शहरात काय कमी आहे? देवळाबाहेर नारळाची सोडणं पडलेली असतात. सत्यनारायणाला बांधलेले केळीचे खांब दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात. आम्ही ते उचलून आणतो. अंबाडीचा वाख तेवढा गावाहून येतो."

केळीच्या खांबाचे सोपट काढून त्याच्या ओल्या पट्ट्यांनी गजरे बांधण्याची रीत ठाणे-वसईकडे जुनी आहे. आता फुलवाल्यांकडे सुती दोरा आला. बाईंनी हे सोपटही मुलांना सोलायला शिकवले आहे. वाख कुजवायला मात्र प्लॅस्टिकचे पिंप. शेजारून वालधुनी वाहते. अंबरनाथच्या हजार वर्षांच्या शिवमंदिराजवळून आलेली ही नदी, पण तिच्या पाण्यात हात घालायची सोय राहिलेली नाही.

ते गृहस्थ मूळचे मराठवाड्याचे. उभा जन्म त्या पट्ट्यातल्या एका रेयॉनच्या कारखान्यात गेला. रेयॉन म्हणजे लाकडाचा लगदा रसायनात विरघळवून, बारीक छिद्रांतून दाबून काढलेला धागा. दिवसपाळी-रातपाळीत त्यांनी तो धागा पाहिला, आणि म्हातारपणी पुन्हा अंबाडीकडे आले.

"पाव्हणं, गाव कोणतं आपलं?" त्यांनी विचारले. आम्ही सांगितले.

"मंजी ऊसवालं तुम्ही. मग बांधाला घायपात असंल की!"

"होता मामा. आता काढून टाकला."

"आन् अंबाडी?"

"भाजीपुरती."

मामा हसले. मग वाख झटकीत म्हणाले, "आमचा ह्यो पिढीजात धंदा. बापासंगं लहानपणी पानी लावून लावून बोटं फुटायची. गावानं दोर नेला, कासरं नेलं, पर शिकाया कुनी आलं न्हाई. ते आमचंच काम म्हनायचं. हितं बगा, ही पोर सिंध्याची हाय, ती यूपीवाल्याची, ह्यो तुमच्याकडचा मराठ्याचा. समदी मला गुरुजी म्हंत्यात."

हे ऐकल्यावर आम्ही काही बोललो नाही. कारण आम्हाला आमची शाळा आठवली.

आमच्या शाळेतली दोरी

आम्ही प्राथमिक शाळेत होतो तेव्हा सूतकताई असायची. पेळू आणि टकळी दप्तरात. सूत तुटले की गुरुजींचा रूळ. ४ फुटांचा एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी, म्हणजे अडीच हजार फुटांवर सूत! हा हिशेब आम्ही टकळीवर शिकलो आणि तो अजून विसरलो नाही.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव लिहीत नाही, शाळेचेही नाही. मातंग समाजातला. आमची बोटे टकळीला वळत नसत, त्याची बोटे जन्मत: वळलेली. पंधरा ऑगस्ट जवळ आला की झेंड्याची दोरी, विहिरीचा पोहरा, खेळाच्या तासाची रस्सी, सगळे त्याच्याकडून. वर्गात पाढे चालू असायचे आणि तो व्हरांड्यात बसून दोरी वळायचा. त्याला कुणी आत बोलावले नाही. आम्हाला बाहेर जाऊन शिकून घ्या असेही कुणी म्हटले नाही. चौथीनंतर तो शाळेत आला नाही.

दोरी तीच. पण आम्ही केली तर ते शिक्षण, आणि त्याने केली तर ते काम! त्या वयात आम्हाला यात काही वावगे दिसले नाही. आज दिसते. विठ्ठलवाडीच्या चाळीत ज्या गोष्टीने आम्हाला खाली थांबवले ती ही. तिथे व्हरांड्यातला माणूस गुरुजी झाला होता.

हे काही नवे नाही

हाताच्या कामातून शिकवावे हा विचार आपल्याच महाराष्ट्रात रुजलेला आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथून डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली. त्या समितीच्या आराखड्यात शाळेच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला होती. १९३८ पासून सेवाग्रामला आर्यनायकम् पतिपत्नींनी नयी तालीमचे काम उभे केले. कापूस वेचण्यापासून कापडापर्यंत सारे मुलांच्या हाताने, आणि त्यातूनच गणित, भूगोल, इतिहास.

त्या परिषदेत सगळ्यांनी माना डोलावल्या असे मात्र नाही. मुलांच्या मालावर शाळेचा खर्च भागवू लागलो तर शाळेचा कारखाना होईल, अशी शंका प्रा. के. टी. शहा यांनी तिथेच मांडली. ही शंका आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे आपण तिच्याकडे येऊ.

सरकारी पातळीवर मूलोद्योग हळूहळू मागे पडला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' सुचवला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' हे लांबलचक नाव दिले. नावे वाढली, पण पुष्कळ शाळांतून काम राहिले ते वहीत चिकटवण्यापुरते. सेवाग्रामची जुनी शाळा बंद पडली होती, तिथे २००५ साली 'आनंद निकेतन' नावाने पुन्हा शाळा सुरू झाली. तिथली मुले आज शेतात आणि कापसात काम करता करता शिकतात.

विठ्ठलवाडी ज्या ठाणे जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात मोठे काम झाले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे. १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर. (कोसबाड २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले.) आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, गुरे राखायला जातात, म्हणून त्यांनी शाळाच गुरांमागे नेली. तिचे नाव कुरणशाळा. महागडी माँटेसरी साधने बाजूला ठेवून बिया, शंख-शिंपले, पाने, काड्या यांची साधने केली. जे रानात पडलेले आहे त्यातून शिकवता येते, हे त्यांनी करून दाखवले. आपल्या बाजूला कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' रुजवले, ते तर आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे.

परदेशात पाहायचे तर फिनलंडने १८६६ साली प्राथमिक शाळेत हस्तव्यवसाय सक्तीचा केला. तेव्हा तो देश श्रीमंत नव्हता.

वाख कसा निघतो

आपल्या नव्या पिढीला हे ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. जुन्या मंडळींनी चुका काढाव्यात.

अंबाडी खरिपात पेरायची. परदेशी व्यापारात हिला 'डेक्कन हेंप' म्हणत, म्हणजे आपल्या दख्खनचे नाव जगभर या झाडाबरोबर गेलेले आहे. भाजीसाठी लावतो ती विरळ, वाखासाठी दाट पेरावी म्हणजे फांद्या फुटत नाहीत आणि काठी सरळ वाढते. फुलावर आली की कापायची. पेंढ्या बांधून पाण्यात दाबून ठेवायच्या. पाणी आणि ऊन पाहून दहा-पंधरा दिवसांत साल सुटते. रोज एक काठी काढून पाहावी. लवकर काढली तर साल चिकटते, उशीर झाला तर वाख कुजतो. सोलून, धुऊन, वाळवून, विंचरून घेतला की झाला वाख. हे काम वाहत्या ओढ्यात किंवा पिण्याच्या पाण्यात करू नये. पाणी नासते, मासे मरतात. वेगळा खड्डा किंवा टाकी घ्यावी.

तागाचे आणखी निराळे. आपण उसाआधी ताग पेरून ४५-५० दिवसांनी फुलावर गाडतो, ते हिरवळीचे खत. तोच पुढे वाढू दिला तर वाख आणि सणकाड्या मिळतात. साखरेच्या पोत्यालाही आपण तागाचे पोते म्हणतो, पण तो बंगालचा ज्यूट, झाडच वेगळे. १९८७ च्या ज्यूट पॅकेजिंग कायद्याखाली अलीकडच्या वर्षांत २० टक्के साखर त्या पोत्यांत भरण्याचे बंधन घातले गेले आहे, म्हणजे साखर कारखान्याचा वाखाशी संबंध अगदीच तुटलेला नाही.

घायपाताच्या पानात वाख वजनाच्या ४ टक्क्यांच्या आसपासच असतो, पण तो बळकट. पान ठेचून गर खरवडावा लागतो. त्या रसाने अंगाला खाज सुटते, म्हणून हे काम मोठ्यांनी करावे. मुलांच्या हातात वाळलेला वाखच द्यावा.

आता वळण्याची गंमत. एकेका पेडाला एका बाजूने पीळ द्यायचा आणि दोन पेड एकमेकांवर उलट बाजूने वळायचे. प्रत्येक पेड उलगडायला पाहतो आणि त्या ओढीनेच दोरी घट्ट बसते. दोन्ही पीळ एकाच बाजूचे दिले तर हात सोडताच दोरी उलगडते. विठ्ठलवाडीला मामा मुलांना आधी मुद्दाम चुकीची दोरी करायला लावतात. ती सुटली की मुलेच विचारतात, का सुटली? मग बाई पुढचे समजावतात. वळताना दोरी आखडते, साधारण तिसरा हिस्सा जातो. दहा हात दोरी हवी तर किती हात वाख लावावा, हे गणित तिथली पाचवीतली पोरगी तोंडी करते. कागदावर त्रैराशिक मांडताना तिला रडू येते, असे तिची आईच म्हणाली.

नायलॉनच्या काळात कशाला?

हा प्रश्न सभासद विचारणारच, आणि तो रास्त आहे. नायलॉनचा दोर स्वस्त, पावसात कुजत नाही, वर्षानुवर्षे टिकतो. आम्ही कुणालाही तो फेकून द्या म्हणणार नाही. आमच्याही गोठ्यात तोच आहे. पण पोळ्याला बैलाच्या मानेवरचा वळ पाहिला की वाटते, अंबाडीचे दावे मऊ होते. तुटका नायलॉन बांधावर पडतो तो आपल्यानंतरही तिथेच राहणार. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. त्याच्या आधी २००९ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी नैसर्गिक तंतूंचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. माटुंग्याला १९२४ पासून कापसावर काम करणारी केंद्रीय संस्था आहे, तिथे केळीच्या खांबाच्या धाग्यावरही संशोधन झालेले आहे. तेव्हा वाखाचा विषय जगाने मोडीत काढलेला नाही.

तरीही मुलांच्या दोरीतून पैसा मिळेल असे स्वप्न आम्ही दाखवणार नाही. प्रा. शहांची शंका इथे आठवा. मुलांनी माल काढायचा आणि आपण विकायचा, हा रस्ता घ्यायचाच नाही. मिळायचे ते वेगळेच आहे. दिवसभर मोबाईलवर फिरणारे बोट तासभर एका जागी बसते. चुकले तर उसवून पुन्हा करावे लागते, रागावून चालत नाही. आणि ज्या हाताने हे काम पिढ्यान् पिढ्या केले, त्या हाताची किंमत कळते. आमच्या मते हाच यातला मोठा उतारा.

आपल्या परिसरात काय करता येईल

शाळा साडेपाचला सुटली की वर्गखोल्या रिकाम्या. गावात दोर वळणारे म्हातारे अजून आहेत, पण मोजके. दहा वर्षांनी विचारायला गेलो तर कोण सांगणार? म्हणून आम्ही सभासदांपुढे काही गोष्टी ठेवतो. हा ठराव नव्हे, सूचना आहे. सर्वसाधारण सभेत यावर बोलावे.

पहिली गोष्ट, ज्यांच्याकडे बांधाला घायपात उरला आहे त्यांनी तो पेटवू नये. ज्यांना जमेल त्यांनी खरिपात एक गुंठा दाट अंबाडी करावी. ती कापणीला येते आणि वाख वाळतो तोवर दिवाळी होते, म्हणजे आपला हंगाम सुरू होतो.

दुसरी, आठवड्यातून दोन संध्याकाळी गावच्या शाळेत वर्ग भरवावा. शिक्षक, ग्रामपंचायत आणि पालक यांनी मिळून ठरवावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना १० दिवस सांगितलेले आहेत, आणि ते दिवस गावातल्या कारागिरांजवळ घालवावेत असा त्याचा हेतू आहे. आपल्या दोरवाल्यांचे नाव त्यात का नसावे?

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. शिकवायला येईल त्याला खुर्ची द्यावी, मानधन द्यावे, आणि मुलांनी त्याला गुरुजी म्हणावे. हे काम अमक्याचेच, हा शब्द त्या खोलीत येऊ नये. मुले सर्वांची, वाख एका पाटीत, पाणी एका माठातले. यात तडजोड करायची असेल तर वर्ग न काढलेला बरा.

चौथी, ऊसतोडणीच्या टोळ्यांबरोबर आलेली मुले. बीडकडून, अहिल्यानगरच्या पूर्व भागातून, जालन्याकडून आईबापांबरोबर येतात आणि पाच-सहा महिने आपल्या फडात, आपल्या तळावर असतात. उसाच्या वाढ्याला पीळ देऊन मोळी बांधणारे आईबाप ती रोज पाहतात. तो पीळ किती झटक्यात दिला जातो, तुम्हीही पाहिलेले आहे. हीच मुले वर्गात आली तर पहिल्या दिवशी ती आपल्या मुलांना शिकवतील. त्यांना शाळेच्या दारात आणायला यापेक्षा सोपी वाट आम्हाला दिसत नाही. फडावर राबवायला मात्र कुणी त्यांना बोलावू नये.

सुरुवात लहान असावी. दहा मुले, दोन पेंढ्या, एक जाणता माणूस. वीस रुपयांची सुतळी बाजारातून आणूनसुद्धा गाठी शिकवता येतात. उद्घाटन, हार-नारळ, फोटो यांत वाख वाया घालवू नये.

विठ्ठलवाडीहून निघताना मामांनी आमच्या हातात एक गोफण ठेवली. एका मुलीने केलेली. तिने आयुष्यात ज्वारीचे रान पाहिलेले नाही, पाखरे राखणे म्हणजे काय ते ठाऊक नाही. पण गोफणीची वीण एवढी सरळ, की आमच्या वडिलांनी ती नक्की खांद्यावर टाकली असती.

ती गोफण आम्ही या पत्रिकेच्या टेबलावर ठेवली आहे. शेतकी ऑफिसला येणाऱ्या सभासदांनी पाहून जावे. आपल्या गावात दोर वळणारे कोण आहेत, कुणाच्या बांधाला घायपात आहे, हे कळवावे. तोंडी कळवले तरी चालेल.

आमच्या वर्गातला तो मुलगा आता असेल तर आमच्याच वयाचा असेल. वर्ग सुरू झाला तर त्याला शोधून आणायची आमची इच्छा आहे. या खेपेला तो व्हरांड्यात बसणार नाही.